पुरानंतरची विहीर : किती टाकले आणि किती उरले?

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा आणि पंचगंगेच्या पुराने सांगली-कोल्हापूर भागातील अनेक गावे पाण्याखाली गेली. अशा वेळी चहूकडे पाणी असते, पण पिण्याजोगे मिळत नाही. पूर ओसरला की विहिरीत 'टीसीएल' टाकतात. पाण्याला वास आला की लोक निश्चिंत होतात. पण एवढ्याने पाणी निर्धोक होते का?

पूर रोगजंतू निर्माण करीत नाही, त्यांना वाट करून देतो. शौचखड्डे, उकिरडे यांतील घाण विहिरीत उतरते आणि कॉलरा, विषमज्वर, हगवण, कावीळ यांचे जंतू एकाच विहिरीतून घरोघरी पोचतात.

टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर. तिच्यातला क्लोरीन जंतूंना मारतो. मात्र गाळातील शेण, कुजका पाला यांच्याशीही त्याची अभिक्रिया होते आणि तो खर्ची पडतो. म्हणून किती टाकला यापेक्षा किती उरला हे महत्त्वाचे. आपत्तीच्या काळात, पावडर टाकल्यावर अर्ध्या तासाने, लिटरमागे निदान अर्धा मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक हवा.

आता हिशेब करू. विहिरीचा व्यास ४ मीटर आणि पाण्याची खोली ५ मीटर असेल, तर पाणी ३.१४ × २ × २ × ५ म्हणजे सुमारे ६३ घनमीटर, अर्थात ६३,००० लिटर. स्वच्छ पाण्याला हजार लिटरमागे अडीच ग्रॅम चांगली पावडर लागते. म्हणजे येथे सुमारे १६० ग्रॅम. पुराच्या गढूळ पाण्याला एवढी पुरत नाही. पावडर बादलीत कालवून, चुना खाली बसू देऊन, वरची निवळी तेवढी विहिरीत सोडावी.

हा फरक वर्गात दाखवता येतो. एका पेल्यात स्वच्छ पाणी, दुसऱ्यात शेणखत कालवलेले पाणी घ्या. दोन्हींत निवळीचे सारखेच थोडे थेंब टाका. अर्ध्या तासाने वरचे पाणी परीक्षानळ्यांत घेऊन पोटॅशियम आयोडाइडचे द्रावण आणि भाताची पातळ पेज घाला. क्लोरीन उरला असेल तर आयोडीन मोकळे होऊन पेज निळी होते. स्वच्छ पाणी निळे होईल. खताचे बहुधा होणार नाही. औषध दोन्हींत सारखेच पडले होते! (हे पाणी नंतर ओतून द्यावे.)

उघडी किंवा जुनी पावडर निकामी होत जाते, हेही मुलांना सांगावे. गावात पाणी तपासताना ग्रामपंचायतीकडील क्लोरीन तपासणीचा संच वापरावा. क्लोरीन उरलेला दिसेपर्यंत पाणी उकळूनच प्यावे. विहिरीचे मोजमाप मात्र पूर येण्याआधीच करून शाळेच्या फलकावर लिहून ठेवता येईल. भूमितीचे ते उदाहरण गावाच्या कामी येईल.