संदल आणि पौर्णिमा

माहीमच्या मखदूमबाबांची जत्रा थंडीतच का येते, हा प्रश्न दादर-माहीमकडच्या माणसाला सहसा पडत नाही. डिसेंबर आला की किनाऱ्याजवळ पाळणे उभे राहतात, हलवा-पराठ्याच्या कढया चढतात आणि रात्री उशिरापर्यंत बँडचा आवाज येत राहतो. पण क्षणभर थांबून विचार केला तर ही गोष्ट चमत्कारिक आहे. मुसलमानी वर्ष चांद्र असते. ते सौर वर्षापेक्षा दहा-अकरा दिवसांनी लहान, म्हणून रमजान कधी भर उन्हाळ्यात येतो तर कधी पावसात. मोहरमचेही तसेच. मग एका मुसलमान सत्पुरुषाची जत्रा वर्षानुवर्षे हिवाळ्यात कशी राहते?

उत्तर आपल्या भिंतीवरच्या पंचांगात आहे. माहीमचा हा दहा दिवसांचा मेळा मार्गशीर्ष पौर्णिमेच्या सुमारास सुरू होतो. मार्गशीर्ष पौर्णिमा म्हणजे दत्तजयंती. २०२२ साली दत्तजयंती ७ डिसेंबरला होती, मेळाही त्याच आठवड्यात सुरू झाला. २०२३ साली अधिक श्रावण आला, दत्तजयंती २६ डिसेंबरवर गेली आणि तिच्याबरोबर मेळाही वर्षअखेरीला सरकला. हिजरी कालगणनेत अधिक महिना वर्ज्य आहे, त्याला कुराणातच मनाई आहे. आणि ज्यांच्या नावाने हा मेळा भरतो त्या मखदूम अली माहीमींनी कुराणावर अरबीत मोठे भाष्य लिहिले होते! त्यांच्याच जत्रेची तारीख अधिक मासाने पुढे-मागे होते.

मखदूमबाबांचा जन्म १३७२ चा, मृत्यू १४३१ च्या सुमाराचा. म्हणजे आपली सात बेटे पोर्तुगीजांनी पाहिलीही नव्हती आणि माहीम गुजरातच्या सुलतानांकडे होते, तेव्हाची गोष्ट. ते या किनाऱ्यावरच्या अरबी वंशाच्या नवाइत कुळातले. इब्न अरबी या थोर सूफी तत्त्वज्ञाच्या विचारांचे ते अभ्यासक होते. त्यांचे भाष्य एकोणिसाव्या शतकात कैरोला छापले गेले. पण मेळ्याला येणाऱ्या परळ-लालबागच्या माणसाला हे भाष्य ठाऊक नसते. त्याला ठाऊक असते ती पाण्याची गोष्ट. रात्री आईने पाणी मागितले, मुलगा भांडे घेऊन आला तोवर आईचा डोळा लागलेला. तिला उठवायचे नाही म्हणून पोर पहाटेपर्यंत भांडे हातात धरून उभे राहिले. आईने जागी होऊन तोंडभरून आशीर्वाद दिला आणि त्या आशीर्वादाने मुलगा थोर झाला. ही गोष्ट इराणातल्या बायजीद बिस्तामींबद्दलही सांगतात, म्हणजे ती दूरवरून आलेली आहे. पण ती मराठी कानाला परकी वाटत नाही, कारण त्या कानात पुंडलिक आधीच आहे. तिथे मुलाच्या सेवेसाठी देव विटेवर उभा राहतो, इथे आईसाठी मुलगा स्वतः उभा राहतो. माहीमच्या दर्ग्यात बाबांच्या शेजारीच त्यांच्या आईची कबर आहे.

दुसरी पाण्याची गोष्ट पोलिसांची. अखेरच्या घटकेला बाबांना एका शिपायाने पाणी पाजले, असे सांगतात. म्हणून मेळ्यातले पहिले संदल मुंबई पोलिसांचे. माहीम पोलीस ठाण्यातून ते वाजतगाजत निघते. अधिकारी डोक्यावर ताट घेऊन चालतात. त्यांत कोण कुठल्या जातीधर्माचा, हे त्या दिवशी कोणी विचारत नाही.

या ‘संदल’ शब्दाकडे जरा पाहू. संदल म्हणजे चंदन. उगाळलेल्या चंदनाचा लेप कबरीवर चढवायचा, वर फुलांची चादर घालायची. आपण विठोबाला चंदनउटी लावतो, तोच हा हात. शब्दाचा प्रवासही मोठा गमतीचा आहे. संस्कृत चंदन फारसीत गेले, तिथून अरबीत ‘संदल’ झाले आणि सूफींबरोबर पुन्हा आपल्याकडे आले, ते आपल्याला परदेशी पाहुणे वाटावे इतके बदलून! ‘उरूस’चे मूळही असेच विसरले गेले आहे. अरबीत त्याचा अर्थ लग्न. संताचा मृत्यू म्हणजे परमेश्वराशी मीलन, म्हणून त्या दिवशी शोक करायचा नाही, वरात काढायची.

माहीमच्या या इस्लामला उत्तर हिंदुस्थानातल्या इस्लामपेक्षा जवळचे नातेवाईक समुद्रापलीकडे आहेत. कोकणी मुसलमान शाफी पंथाचे. उत्तरेकडचे बहुतेक हनफी. शाफी पंथ पसरला तो फौजांबरोबर नव्हे, तर गलबतांबरोबर, येमेनपासून कोकण, मलबार आणि पुढे थेट जावापर्यंत. मखदूमबाबाही शाफीच. आपल्या रत्नागिरीच्या खाडीकाठचा दळवी किंवा मुकादम आणि जावाच्या उत्तर किनाऱ्यावरचा कोळी हे नमाज एकाच पद्धतीने पढतात. दोघेही भात खातात. आणि दोघांच्याही गावी नमाजाबरोबर आणखी बरेच काही चालत आलेले आहे.

जावाचे उदाहरण घेतले की आपले नीट दिसते. तिथे घरात काही शुभ-अशुभ घडले की शेजाऱ्यांना बोलावून ‘स्लामतान’ करतात. भाताचा उंच डोंगर मांडायचा, धूप लावायचा, अरबीत प्रार्थना म्हणायची आणि प्रसाद वाटायचा. योग्यकर्ता शहरात पैगंबरांच्या जन्मोत्सवाआधी आठवडाभर मोठ्या मशिदीच्या आवारात राजघराण्याचे गामेलान हे वाद्य वाजते. शेवटच्या दिवशी तांदूळ-भाज्यांचे डोंगर मिरवत आणतात आणि लोक त्यांचे तुकडे ओरबाडून शेतात पुरायला नेतात. पण मला सर्वांत नवल वाटते ते तिथल्या कालगणनेचे. १६३३ साली मातारामचा सुलतान आगुंग याने महिने हिजरीचे घेतले, वर्षाचा आकडा मात्र चालू होता तोच ठेवला. तो आकडा होता १५५५, आणि तो होता शक. आपला शालिवाहन शक! जावातला मुसलमान शेतकरी आजही पारंपरिक वर्ष मोजतो, ते त्याच आकड्यापासून पुढे.

आपल्याकडे नेमके उलट झाले. पेशवे दफ्तरातली पत्रे ज्यांनी वाचली आहेत त्यांना ‘इसन्ने’, ‘सलास’, ‘खमस’ हे शब्द आठवतील. हे अरबी आकडे सुहूर सनाचे. चौदाव्या शतकात दख्खनेत हिजरी सनाचा चालू आकडा उचलला आणि त्याला सौर वर्षाला बांधून टाकले. कारण अगदी व्यवहारी होते. सारा पिकावर घ्यायचा, आणि चांद्र वर्ष पिकाशी जुळत नाही. या सनाचे वर्ष सुरू होई सूर्य मृग नक्षत्रात गेला की, म्हणून त्याला मृगसालही म्हणत. जावात आकडा हिंदू आणि महिने इस्लामी, आपल्याकडे आकडा इस्लामी आणि वर्ष शेतकऱ्याचे. मराठेशाही बुडेपर्यंत ब्राह्मण कारकून बोरूने हे अरबी आकडे लिहीत होते आणि त्यात त्यांना काही वावगे वाटत नव्हते.

माहीमची पौर्णिमा याच जातीची आहे, असे मला वाटते. जत्रेला माणूस पायी येतो, बैलगाडीने येतो, होडीने येतो. त्याला वाटेत चांदणे हवे, पीक घरात आलेले हवे, समुद्र शांत हवा. आणि तारीख अशी हवी की ती निरक्षर माणसालाही आकाशाकडे पाहून कळेल. माहीम हे काही एकटे उदाहरण नाही. कल्याणजवळच्या हाजी मलंगची जत्रा माघी पौर्णिमेला भरते. शिर्डीला १८९७ साली उरूस सुरू झाला तो रामनवमीच्या दिवशी, आणि त्याच रात्री संदलाची मिरवणूक निघू लागली. आज लालबाग-परळ-दादरहून रामनवमीला पालख्या घेऊन शिर्डीला चालत जाणाऱ्या पोरांना विचारा. हा दिवस मुळात उरुसाचाही होता, हे त्यांतल्या किती जणांना माहीत असेल?

वाराचेही असेच आहे. मध्य मुंबईत मंगळवार सिद्धिविनायकाचा, बुधवार माहीमच्या सेंट मायकल चर्चमधल्या नोव्हेनाचा आणि गुरुवार मखदूमबाबांचा. तिन्हीकडे जाणारी माणसे गिरणगावात पुष्कळ होती, अजूनही आहेत. दर्ग्यात गुरुवार का, तर ती शुक्रवारची पूर्वसंध्या, जुम्मे की रात. दत्ताला गुरुवार का, तर तो गुरूचा वार. कारणे दोन, वार एक. दत्त तर एकनाथांच्या कथेत मलंगाच्या, म्हणजे फकिराच्या वेशातच येतो. श्रीगोंद्याचे शेख महंमद हे सूफी परंपरेतले, आणि त्यांनी ‘योगसंग्राम’ लिहिला तो मराठीत.

हे सगळे ऐकून कुणाला वाटेल की पूर्वी सारे गोडीगुलाबीने चालले होते. तसे नव्हते. दोन बाजूंनी यावर आक्षेप आले आणि दोन्ही आक्षेपांना आपापली बाजू आहे. मुसलमान सुधारकांना वाटले की कबरीला चंदन लावणे, नवस बोलणे हे मूळ धर्मात बसत नाही. जावातही १९१२ साली योग्यकर्त्यात मुहम्मदिया ही सुधारक संघटना निघाली आणि १९२६ मध्ये जुन्या रूढींची बाजू घेणारी नहदतुल उलमा उभी राहिली. दोन्ही आज प्रचंड मोठ्या संस्था आहेत. आपल्याकडे देवबंदी आणि बरेलवी यांच्यात बराचसा हाच वाद आहे. हिंदूंच्या बाजूने प्रश्न आला तो मालकीचा. हाजी मलंगची वहिवाट केतकर या ब्राह्मण घराण्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे. पण ती जागा मच्छिंद्रनाथांची समाधी की दर्गा, यावरून १९८० च्या दशकापासून आंदोलने आणि कोर्टकचेऱ्या चालू आहेत. गंमत म्हणजे दोन्ही पक्ष माघी पौर्णिमा मात्र सोडत नाहीत.

मोहरमची कथा जास्त कडू आहे. एकोणिसाव्या शतकात मुंबईत मोहरम हा साऱ्या शहराचा सण होता. मोहल्ल्यामोहल्ल्याच्या टोळ्या ताबुतापुढे गात, नाचत, भांडतही. हिंदू त्यांत हौसेने असत. साताऱ्या-सांगलीकडून गिरण्यांत आलेल्या माणसाला तर हे गावचेच होते. कडेगावचे उंच ताबूत आजही दोन्ही समाज मिळून नाचवतात. मग १८९३ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत मोठा दंगा झाला. त्याच वर्षी गिरगावात केशवजी नाईकांच्या चाळीत सार्वजनिक गणपती बसला. पुढल्या वर्षी पुण्यात उत्सवाला जोर आला, आणि मोहरमकडे पाठ फिरवा असा प्रचारही झाला. घरगुती गणपती आणि त्याचे विसर्जन जुनेच होते. पण मंडप, गल्लीगल्लीचे मेळे, त्यांची गाणी, दहाव्या दिवशीची रस्त्यावरची मिरवणूक, या साऱ्याला ताबुतांचा नमुना समोर होता, असे इतिहासकार म्हणतात आणि ते पटण्यासारखे आहे. एकमेकांपासून दूर होतानाही माणसे एकमेकांचेच उचलत होती. मुंबईतल्या टोळ्यांना पुढे १९१२ च्या सुमारास पोलीस आयुक्त एडवर्ड्स यांनी नियम घालून बंदच पाडले. लालबागचा राजा बसला तो त्यानंतर, १९३४ साली.

मोहरम फिरता आणि भाद्रपद बांधलेला, त्यामुळे तेहतीसेक वर्षांनी दोन्ही समोरासमोर येतात. २०१८ ते २०२० अशी सलग तीन वर्षे आशुरा आणि अनंत चतुर्दशी यांच्यात दोनच दिवसांचे अंतर होते. सांगली-कोल्हापुरात हे नेहमीचे कोडे आहे आणि तिथे त्याची उत्तरेही निघाली आहेत. गोटखिंडीला मशिदीतच गणपती बसतो, कुरुंदवाडला काही मशिदींत पीर आणि गणपती शेजारी बसलेले आहेत.

मुंबईत २०२३ साली ईद-ए-मिलाद आणि अनंत चतुर्दशी एकाच दिवशी आली, २८ सप्टेंबरला. ईदचा मोठा जुलूस भायखळ्याच्या खिलाफत हाऊसहून निघतो, आणि लालबागची मिरवणूकही भायखळ्यावरूनच गिरगाव चौपाटीकडे जाते. तेव्हा मुसलमान पुढाऱ्यांनी बैठक घेतली आणि जुलूस २९ तारखेवर नेला. २०२४ ला मिलाद १६ सप्टेंबरला होती, विसर्जन १७ ला. जुलूस १८ ला निघाला. २०२५ ला मिलाद ५ सप्टेंबरची, विसर्जन ६ चे, आणि जुलूस ८ तारखेला. ईदची नमाज, घरची खीर, गरिबांना अन्नदान हे त्या त्या दिवशीच झाले. रस्त्यावरचा दिवस तेवढा तिन्ही वर्षी भाद्रपदाला विचारून ठरला.