बारा अठ्ठावीसची सावली

21 जूनचे बारा वाजून गेलेत. उज्जैनच्या माधव नगरमध्ये आमच्या शेजारच्या काकूंच्या गच्चीवर दोन मीटरची सळई ओळंबा लावून उभी केली आहे आणि बेगमबाग या मुस्लिम वस्तीतली आठ-दहा मुलंमुली खडू घेऊन तिच्याभोवती उकिडवी बसली आहेत. सगळी नुकतीच दहावी पास झालेली. अकरावीला मॅथ्स, बायो की कॉमर्स, हे आता ठरायचं आहे. भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या काकूंनी आज त्यांना मुद्दाम बोलावलंय.

‘‘सावली बारालाच सगळ्यात छोटी का नाही?’’ काकू हिंदीत विचारतात. एक मुलगी फरशीवरच हिशेब मांडते. देशाचं घड्याळ 82.5 रेखांशाचं, उज्जैन 75.8 वर, अंशाला चार मिनिटं. ‘‘मॅडम, बारा सत्ताईस!’’ सूर्य आज आणखी दीडेक मिनिट मागे आहे, एवढंच काकू सांगतात.

12:28. सावली नखभर उरते. ‘‘ये तो उल्टी तरफ है!’’ एक मुलगा ओरडतो. खरंच, एरवी उत्तरेला पडणारी सावली दक्षिणेला गेली आहे. कर्कवृत्त आपल्या किंचित उत्तरेला, म्हणून सूर्यही.

मग काकू क्षिप्रेकाठच्या वेधशाळेबद्दल बोलतात. ती उभारणाऱ्या सवाई जयसिंहानं समरकंदच्या उलूग बेगच्या सारण्या अभ्यासल्या आणि स्वतःच्या सारण्या बादशहा मुहम्मदशहाच्या नावे केल्या. मुलं एकमेकांकडे बघतात. हे त्यांना आजवर कुणी सांगायला हवं होतं. शिष्यवृत्तीच्या फॉर्मइतकंच मोलाचं आहे ते. आणि शिष्यवृत्त्या तरी काय उरल्यात? मौलाना आझाद फेलोशिप 2022 मध्ये बंद केली, पहिली ते आठवीची अल्पसंख्याक शिष्यवृत्तीही त्याच वर्षी. मला याचा संताप येतो.

हिशेब मांडणाऱ्या मुलीचे वडील तिला न्यायला जिना चढून येतात. ‘‘मॅथ्स लेके क्या करेगी, मॅडम?’’

काकू निगार शाजींचं नाव घेतात. 2023 मध्ये सूर्याच्या अभ्यासाला निघालेल्या आदित्य एल-1 च्या त्या प्रकल्प संचालक. तिरुनेलवेलीच्या सरकारी कॉलेजात इंजिनिअरिंग शिकल्या. वडील ऐकून घेतात, बधत नाहीत. ‘‘वो सब बहुत दूर है.’’

‘‘इंदौर रोड तो दूर नहीं? 1966 का सरकारी इंजीनियरिंग कॉलेज है.’’

ते वाकून फरशीवरचे आकडे बघतात. ‘‘फीस कितनी है? और अपनी तरफ की लड़कियाँ जाती हैं वहाँ?’’

तिथे शिकणाऱ्या आपल्या एका जुन्या विद्यार्थिनीला काकू फोन लावतात आणि तो त्यांच्याच हातात देतात.