आधी जावास्क्रिप्ट की थेट टाइपस्क्रिप्ट?

वेब डेव्हलपमेंट शिकायला निघालेल्या अनेकांची एक ठाम समजूत झालेली असते: जावास्क्रिप्ट जुनी झाली, आता वेळ न घालवता टाइपस्क्रिप्टच शिकावी. या दोन भाषांतली एक निवडायची असते, हे गृहीतकच चुकीचं आहे.

ब्रेंडन आइक यांनी १९९५च्या मे महिन्यात नेटस्केपमध्ये अवघ्या १० दिवसांत जावास्क्रिप्टचं पहिलं रूप उभं केलं. टाइपस्क्रिप्ट मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०१२मध्ये जाहीर केली. सी-शार्प घडवणारे आंद्रेस हायल्सबर्ग तिच्यामागे होते. त्यांनी जावास्क्रिप्ट मोडीत काढली नाही, तीच भाषा ठेवून वर टाइप तपासण्याची सोय दिली. लूप, फंक्शन, अ‍ॅरे, प्रॉमिस सगळं जावास्क्रिप्टचंच. ब्राउझरला तर टाइपस्क्रिप्ट कळतच नाही. कोड तिथे पोहोचण्याआधी त्यातले टाइप काढून टाकले जातात आणि चालते ती जावास्क्रिप्टच.

दुसरा गैरसमज जास्त महागात पडतो: टाइपस्क्रिप्ट वापरली की चुका आपोआप पकडल्या जातात.

समजा, वेबपेजवर आकडा भरायची एक चौकट आहे. कुणी त्यात ५ टाइप केलं. कोडने ती व्हॅल्यू वाचली, तिच्यात १ मिळवला आणि उत्तर आलं ५१! कारण चौकटीची व्हॅल्यू स्ट्रिंग, म्हणजे मजकूर म्हणूनच हाती येते आणि स्ट्रिंगला अधिक चिन्ह लावलं की बेरीज न होता जोडणी होते. त्याच व्हॅल्यूतून १ वजा केला, तर मात्र बिनबोभाट ४ येतं. आता टाइपस्क्रिप्ट काय करते ते पाहा. बरोबर उत्तर देणारी वजाबाकी ती अडवते, पण ५१ देणाऱ्या बेरजेवर अवाक्षर काढत नाही, कारण स्ट्रिंगला आकडा जोडणं नियमात बसतं. उत्तर ठेवायच्या व्हेरिएबलला ‘नंबर’ असा टाइप लिहिला असेल, तरच एडिटरमध्ये चूक दाखवणारी लाल रेघ उमटते. ती का उमटली, हे जावास्क्रिप्ट येणाऱ्यालाच उमगतं. बाकीचे ‘एनी’ हा तपासणीच बंद करणारा टाइप लिहून रेघ घालवतात आणि चूक तशीच राहते.

सर्व्हरकडून आलेल्या डेटाचंही तेच. टाइप काहीही लिहिलेला असो, प्रत्यक्ष काय आलं ते प्रोग्रॅम चालताना टाइपस्क्रिप्ट तपासत नाही.

मात्र म्हणून टाइपस्क्रिप्टला वर्ष-दोन वर्षं लांब ठेवावं, हेही खरं नाही. मोठ्या प्रोजेक्टमध्ये एखाद्या फंक्शनचं नाव बदललं की ते कुठे कुठे वापरलंय, हे ती क्षणात दाखवते. व्हीएस कोड हा एडिटर स्वतः टाइपस्क्रिप्टमध्येच लिहिलेला आहे. तेव्हा ऑब्जेक्ट, अ‍ॅरेचे मॅप-फिल्टर, असिंक-अवेट हातात बसले आणि एखादं छोटं अ‍ॅप स्वतः पूर्ण केलं, की लगेच तिच्याकडे वळावं. त्याच अ‍ॅपच्या फायलींचं एक्स्टेन्शन बदलावं, ‘स्ट्रिक्ट’ सेटिंग चालू ठेवावं आणि येणारी प्रत्येक एरर ‘एनी’चा आधार न घेता सोडवावी.