शाळा सुटलेल्यांचे शिक्षण

शाळा सोडलेल्या तरुणाला काय शिकवावे, असे विचारले तर ‘एखादा धंदा शिकवा’ असे उत्तर बहुधा मिळते. हे उत्तर चूक नाही. पण ते अपुरे आहे.

माझा थोरला भाऊ आठवीत शाळा सोडून गवंड्याच्या हाताखाली बिगारी म्हणून लागला. त्याच्या मजुरीवरच मी महाविद्यालयाची पायरी चढलो. आज तो ओळंब्यात भिंत उभी करतो. पण ठेकेदाराने आठवड्याचा हिशेब भराभर तोंडी सांगितला की गप्प बसतो. बँकेतली स्लिप मला भरायला लावतो. त्याला वाचता येत नाही असे नाही. ‘पुन्हा एकदा सांगा’ असे म्हणण्याचे बळ त्याच्यापाशी नाही. हातातले कसब वेगळे आणि हे बळ वेगळे. या बळालाच आज जीवनकौशल्य म्हणतात.

जागतिक आरोग्य संघटनेने गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात अशी दहा कौशल्ये सांगितली : निर्णय घेणे, समस्या सोडविणे, सर्जनशील विचार, चिकित्सक विचार, संवाद, परस्परसंबंध, स्वतःची जाण, समानुभूती, भावनांना आवर घालणे आणि ताणाला तोंड देणे. नावे जड आहेत, अर्थ साधा आहे. मजुरीचा हिशेब मागणे हा संवाद. उचल घेण्यापूर्वी ती कशी फिटेल हे पाहणे हा निर्णय. मित्राने पुढे केलेल्या तंबाखूला ‘नको’ म्हणणे हेही कौशल्यच.

हा विचार आपल्याकडे नवा नाही. देशातील पहिले श्रमिक विद्यापीठ १९६७ साली मुंबईत निघाले. कामगार म्हणजे नुसते हात नव्हेत. त्याला घरदार आहे, तो नागरिक आहे, म्हणून त्याला धंद्याबरोबर जगण्याचेही शिक्षण द्यावे, ही त्यामागची भूमिका. २००० साली या संस्थांना ‘जन शिक्षण संस्थान’ हे नाव मिळाले. निरक्षर, नवसाक्षर आणि शाळा सोडलेल्यांसाठी तेथे शिवणकामासारखे अभ्यासक्रम चालतात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही प्रौढशिक्षणात जीवनकौशल्ये घातली असून त्यांत पैशाचे व्यवहार, आरोग्य, बालसंगोपन यांचा समावेश आहे.

कोणी म्हणेल, ‘हे सारे अनुभवाने येतेच!’ परंतु अनुभव माणसाला बोलायला शिकवतो तसा गप्प बसायलाही शिकवतो. म्हणून असे वर्ग व्याख्यानांनी साधत नाहीत. तेथे सराव हवा. एकाने ठेकेदार व्हावे, दुसऱ्याने मजूर, आणि हिशेब मागून पाहावा. खऱ्या स्लिपा भराव्यात. वर्ग कामावरून सुटल्यावर भरावेत. मुलींसाठी ते घराजवळ असावेत. आणखी एक गोष्ट महत्त्वाची. ताण सोसायला शिकवणे म्हणजे अन्याय सोसायला शिकवणे नव्हे. मजुरी बुडवणाऱ्याचा दोष मजुराच्या ‘कौशल्याच्या अभावा’वर ढकलता येणार नाही.

मित्रहो, राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण श्रमदान करतो, झाडे लावतो. त्याच शिबिरातील दोन संध्याकाळी गावातल्या शाळा सोडलेल्या मुलामुलींबरोबर बसता येईल. मात्र तेथे आपणच शिकवणार, असे समजून जाऊ नये. पहिल्या दिवशी एवढेच विचारावे : ‘तुमचे कोठे अडते?’ अभ्यासक्रम त्या उत्तरांतूनच तयार होईल.