काला अंब आणि घोड्याची वैरण

आज मी उभा आहे काला अंबला, पानिपत शहरापासून साधारण आठ किलोमीटरवर. माझ्या मागं विटांचा स्मारकस्तंभ दिसतोय. दर १४ जानेवारीला महाराष्ट्रातून माणसं इथं येतात, माती कपाळाला लावतात. ज्या आंब्यावरून या जागेला नाव पडलं, तो आंबा मात्र आता नाही. आख्यायिका अशी, की १७६१ साली इथं सांडलेलं रक्त त्या झाडानं मुळांवाटे शोषून घेतलं आणि ते काळपट पडलं. झाड वाळल्यावर त्याच्या लाकडाची दारं करून घेतली आणि ती जोडी पानिपतच्या संग्रहालयात आहे, असं सांगतात.

आख्यायिकेला मी हात लावत नाही. पण झाड मातीतून जेवतं, ही जी समजूत तिच्या पोटात आहे, तिच्याबद्दल बोलायचंय. कारण मला हमखास विचारला जाणारा एक प्रश्न तिच्याशी जोडलेला आहे. 'साहेब, भाऊसाहेबांनी आणखी महिना-दीड महिना कळ काढली असती तर? चहूकडे शेतंच तर होती!' प्रश्न रसदेचा आहे. आणि रसद म्हणजे काय हे समजून घ्यायचं, तर पानापासून सुरुवात करावी लागते.

सतराव्या शतकात ब्रसेल्सकडच्या व्हान हेल्मॉन्ट नावाच्या गृहस्थानं एक साधा प्रयोग केला. कुंडीत २०० पौंड वाळवलेली माती घेतली, पाच पौंडाचं विलो झाडाचं रोप लावलं आणि पाच वर्षं फक्त पाणी घातलं. पाच वर्षांनी झाड भरलं १६९ पौंड. माती परत वाळवून तोलली, तर घट होती अवघी दोन औंस, म्हणजे आपल्या हिशेबात पाऊण छटाक-एक छटाक. मग दीडशेहून जास्त पौंड लाकूड आलं कुठून? हेल्मॉन्टचं उत्तर होतं: पाण्यातून. निम्मं चूक. गंमत म्हणजे 'गॅस' हा शब्द याच माणसानं घडवला, कोळसा जळताना निघणाऱ्या वायूला त्यानं वेगळं नावही दिलं, आणि तोच वायू आपल्या झाडाचं लाकूड बनला हे मात्र त्याच्या लक्षात आलं नाही.

झाडाचं वजन मुख्यतः हवेतून येतं. हवेत कार्बन डायऑक्साइड किती? दहा हजार भागांत चार भागांच्या थोडा वर. पानाच्या बहुतेक खालच्या बाजूला बारीक छिद्रं असतात, पर्णरंध्रं. त्यांतून हा वायू आत शिरतो. मुळांकडून पाणी येतं. आणि पेशींतल्या हरितलवकांत हरितद्रव्य असतं, ते उन्हातला लाल आणि निळा भाग पकडतं. हिरवा भाग त्याला फारसा उपयोगी नाही, तो परत फिरतो, म्हणून शेत आपल्याला हिरवं दिसतं.

पुढचं काम दोन टप्प्यांत होतं. पहिल्या टप्प्यात प्रकाशाच्या जोरावर पाण्याचा रेणू फोडला जातो. त्यातला ऑक्सिजन पान बाहेर टाकून देतं, कारण त्या क्षणी त्याला तो नकोच असतो. आपण श्वासात घेतो तो प्राणवायू म्हणजे पानानं टाकलेला माल. हा ऑक्सिजन कार्बन डायऑक्साइडमधून सुटतो असं पूर्वी पुष्कळ जण मानत. १९४१ मध्ये रूबेन, कामेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जड ऑक्सिजन असलेलं पाणी वापरून दाखवलं, की तो पाण्यातूनच येतो. प्रकाशातून मिळालेली ऊर्जा पान दोन प्रकारच्या रेणूंत भरतं, एटीपी आणि एनएडीपीएच. यांना चार्ज केलेल्या बॅटऱ्या समजा. त्या टिकाऊ नसतात, लगेच वापराव्या लागतात.

दुसऱ्या टप्प्यात या बॅटऱ्या खर्च करून हवेतला कार्बन एकेक करून साखरेत गुंफला जातो. हे चक्र मेल्विन केल्विन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी किरणोत्सारी कार्बनच्या साहाय्यानं उलगडलं, आणि त्याबद्दल केल्विनना १९६१ चं नोबेल मिळालं. कार्बन पकडून देणारं विकर आहे रुबिस्को. अत्यंत संथ कारकून! सेकंदाला जेमतेम तीनेक रेणू हातावेगळे करतो, आणि अधूनमधून कार्बन डायऑक्साइडच्या जागी चुकून ऑक्सिजनच उचलतो. ज्वारी, बाजरी, मका, ऊस या पिकांनी या चुकीवर आपला तोडगा काढलाय. गहू आणि भाताला तो साधलेला नाही.

आता जमाखर्च. एक किलो ग्लुकोज बनायला साधारण १.४७ किलो कार्बन डायऑक्साइड आणि ०.६ किलो पाणी लागतं, आणि १.०७ किलो ऑक्सिजन बाहेर पडतो. दोन्ही बाजूंची बेरीज जुळते, पदार्थ कुठं नाहीसा होत नाही. तेवढा कार्बन डायऑक्साइड गोळा करायला पानांना सुमारे दोन हजार घनमीटर हवा चाळावी लागते. आणि त्या एका किलोत जी ऊर्जा बंद होते, ती ३,७०० किलोकॅलरीच्या आसपास. धडधाकट जवानाला दिवसभर राबवायला पुरेल इतकी. ती सगळी उन्हाची.

पण पान हे काही फार काटकसरी यंत्र नाही. शेतावर पडलेल्या उन्हापैकी शंभरातला एखादा, फार तर दोन भाग पिकात साठतो. हा आकडा लक्षात ठेवा, आता आपण १७६० च्या हिवाळ्यात जातोय.

ऑक्टोबरमध्ये मराठ्यांनी कुंजपुरा घेतलं, तिथं धान्य हाती लागलं. त्याच महिन्याच्या अखेरीस अब्दाली बागपतजवळ यमुना उतरून दक्षिणेला आला आणि दिल्लीची वाट बंद झाली. मराठे पानिपतला खंदक खणून बसले. अब्दालीला नजीबखानामुळे दुआबातून रसद मिळत होती. ती तोडणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबरमध्ये मारले गेले.

घोड्याला दिवसाला आठेक किलो कोरडी वैरण धरा. घोडे किती, यावर इतिहासकारांचे आकडे जुळत नाहीत. हिशेबापुरते मी ४० हजार धरतो. म्हणजे रोज ३२० टन. आता ऊन. पानिपतला जानेवारीत दिवस सव्वादहा तासांचा, दुपारी बारालाही सूर्य क्षितिजापासून ३९ अंशांवरच, शिवाय धुकं. चौरस मीटरला दिवसाकाठी मे महिन्याच्या निम्मंच ऊन मिळतं. त्यातला एक टक्का पकडला तर रोज चौरस मीटरमागं आठ ग्रॅम कोरडा पाला. म्हणजे एका घोड्याची आजची वैरण आज उगवायची, तर एक हजार चौरस मीटर भरघोस हिरवं शेत हवं. ४० हजार घोड्यांना दहा हजार एकर. तेही रोज, आणि पानं शाबूत ठेवून! एकदा चरलेल्या शेतात ऊन पकडायला पानच उरत नाही. दुसऱ्या दिवशी घोडा आणखी पुढं न्यावा लागतो आणि पुढं अब्दालीचे स्वार फिरताहेत. पानिपतात दुपारी सूर्य मराठ्यांच्या डोळ्यांवर आला असं सांगतात. माझ्या मते, डोळ्यांवर आलेल्या उन्हापेक्षा पानांवर कमी पडलेलं ऊन आधीपासून नडत होतं.

आणि माणसांचं? जानेवारीच्या मध्यात इकडचा गहू फुटव्यावर असतो. ओंबी नाही, दाणा नाही. फेब्रुवारी-मार्चचं ऊन पडेल तेव्हा दाणा भरेल आणि एप्रिलमध्ये कापणी. बरं, हिरवं शेत म्हणजेसुद्धा शेवटी ग्लुकोजच. पण पानांच्या नि काड्यांच्या भिंतींत ते सेल्युलोजच्या रूपात गुंफलेलं असतं. दाण्यातल्या पिठातही ग्लुकोजचीच साखळी असते, फक्त कड्या जोडायची तऱ्हा वेगळी. पिठाची कडी आपण उघडू शकतो, सेल्युलोजची नाही. घोडा आपल्या आतड्यातल्या जिवाणूंकडून ती उघडून घेतो. म्हणून माणूस हिरव्या शेतात उभा राहून उपाशी मरू शकतो. १३ जानेवारीला सरदार भाऊसाहेबांकडे गेले आणि दोन दिवस पोटात अन्न नाही असं म्हणाले, हे काशीराजाच्या वृत्तांतात येतं. तर महिना-दीड महिना थांबून शेतांनी काही दिलं नसतं. खायला मिळालं असतं ते गेल्या हंगामाचं साठवलेलं ऊन, म्हणजे धान्य, भुसा, कडबा. आणि ते बाहेरून यायची वाट बंद होती.

हे गणित आजच्या पानिपतातही चालू आहे, फक्त उलटं. तेव्हा काडीला मोताद होते, आज काडी नकोशी झालीय. जून-जुलैत लावलेला भात ऑक्टोबरात कापला, की गव्हाच्या पेरणीला थोडेच दिवस उरतात. मजूर महाग, म्हणून पराळी पेटवतात. चार महिने पानांनी हवेतून वेचलेला कार्बन अर्ध्या तासात परत हवेत. ऊर्जा जाते आणि धुरानं पुढच्या पिकाचं ऊनही अडतं. शेतकऱ्याला नुसतं रागावून उपयोग नाही, त्याच्या हातात दिवसच तेवढे असतात.

१० ऑगस्ट २०२२ ला इथल्या इंडियन ऑइलच्या रिफायनरीशी जोडलेला, पराळीपासून इथेनॉल करणारा कारखाना देशाला अर्पण झाला. वर्षाला सुमारे दोन लाख टन पराळी आणि तीन कोटी लिटर इथेनॉल, अशी त्याची योजना. तिथं नेमकं काय करतात? जी कडी माणसाच्या पोटाला उघडत नाही, ती विकरांनी उघडून साखर मोकळी करतात आणि तिचा मद्यार्क करतात. गाडीत तो जळला की पुन्हा कार्बन डायऑक्साइड, पुन्हा पाणी. अवघड भाग फक्त विकरांचा नाही, पसरलेल्या शेतांतून काडी वेळेत गोळा करून आणण्याचाही आहे. म्हणजे पुन्हा रसदच!

आता ऊन चढलंय, मी संग्रहालयाकडे निघतो. त्या दारांचं लाकूड आंब्याचंच असेल, तर त्यातला कार्बन इथल्याच हवेतला. छावणीतल्या माणसांनी आणि घोड्यांनी सोडलेल्या श्वासातला थोडासा त्यात असेल का? ते झाड तेव्हा हिरवं असेल, तर असायला हरकत नाही. पुढच्या भागात कुंजपुऱ्याला जाऊ. नमस्कार.