परतीची वाट

खाली पेढी आणि वर राहते घर, अशी वास्तू आजही अनेक गावांत आढळते. इंटरनेटची जोडणी पेढीत येते. तेथील राउटर हा साऱ्या वास्तूचा दरवाजा, म्हणजेच गेटवे. वरच्या मजल्यावर दुसरा राउटर बसविला जातो आणि नकळत दोन नेटवर्क निर्माण होतात : खाली १९२.१६८.१.० आणि वर १९२.१६८.२.०. इंटरनेट दोन्हीकडे उत्तम चालते. मात्र हिशेबाची प्रत साठविणारी वरची डिस्क पेढीतील संगणकाला काही केल्या सापडत नाही.

दोष डिस्कचा नसतो. वरचा राउटर आपल्यामागील सर्व उपकरणे स्वतःच्या एकाच पत्त्याआड झाकून ठेवतो. या सोयीला नॅट म्हणतात. ती बंद केली तरी काम भागत नाही, कारण २.० हे नेटवर्क कोठे आहे, हे गेटवेला ठाऊकच नसते. अनोळखी पत्ता दिसला की तो संदेश बाहेर, इंटरनेटकडे धाडायचा, एवढेच त्याला माहीत. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते तर खाजगी वापरासाठी राखीव आहेत. बाहेर त्यांना कोणी वाट देत नाही. माडीवरचे पत्र गावाबाहेर जाऊन हरवते, ते असे.

येथे अनेक जण कंटाळून गेटवेवर पोर्ट उघडतात आणि डिस्क इंटरनेटवरून गाठतात. घरची तिजोरी रस्त्यावर मांडण्याचाच हा प्रकार.

खरा उपाय स्थिर मार्ग, अर्थात स्टॅटिक रूट. गेटवेच्या सेटिंगमध्ये तीन नोंदी कराव्या लागतात : गंतव्य १९२.१६८.२.०, मास्क २५५.२५५.२५५.० आणि पुढचा टप्पा १९२.१६८.१.२. हा शेवटचा पत्ता वरच्या राउटरच्या खालच्या बाजूचा असतो. पुष्कळांची चूक नेमकी येथे होते. ते २.१ लिहितात, पण तेथवर गेटवेचा हात पोहोचतच नाही. १.२ हा पत्ता कायमचा राखून ठेवणेही अगत्याचे, अन्यथा वीज जाऊन आल्यावर राउटरला नवा पत्ता मिळतो आणि लिहिलेला मार्ग रिकाम्या जागी जातो. वरच्या राउटरच्या फायरवॉलमध्ये पेढीतील संगणकापुरतीच परवानगी द्यावी.

एक अडचण उरते. डिस्कचे उत्तर गेटवेला वगळून थेट संगणकाकडे येते. संवादाची एकच बाजू पाहणारा काटेकोर गेटवे कधी कधी तो मध्येच तोडतो. तेव्हा हाच मार्ग पेढीतील संगणकावर लिहिलेला बरा.

सेवा पुरविणाऱ्या कंपनीने दिलेल्या काही उपकरणांत ही सोयच नसते. अशा वेळी, आणि पेढी व घर वेगळे ठेवण्याची गरज नसेल तर एरवीही, वरचा राउटर ॲक्सेस पॉइंट करून एकच नेटवर्क राखणे अधिक सुटसुटीत.

मार्ग लिहून झाल्यावर संगणकावर ट्रेसरूट चालवावा. साधारणतः पहिला थांबा १९२.१६८.१.१, दुसरा १.२ आणि तिसरी डिस्क दिसते.