सहा वॅटचे दोन प्रोसेसर

शाळेसाठी लॅपटॉप घ्यावयाचा प्रसंग आला म्हणजे मुख्याध्यापकांपुढे दोन-चार दरपत्रके येतात. त्यांत प्रोसेसरचे नाव, वॅट आणि गिगाहर्ट्झ असे आकडे मांडलेले असतात. या आकड्यांचा अर्थ ठाऊक नसेल, तर निवड किमतीवरच होते आणि तुटपुंज्या अनुदानातून घेतलेले यंत्र पुढे पाच-सहा वर्षे वर्गाला ताटकळत ठेवते. यास्तव प्रस्तुत लेखात इंटेल कंपनीच्या दोन प्रोसेसरांची तुलना केली आहे. पहिला सेलेरॉन एन४०२०. तो २०१९ च्या अखेरीस निघाला. दुसरा एन१००, तो २०२३ च्या आरंभी आला. स्वस्त लॅपटॉपांत दोन्ही आढळतात, पहिला विशेषतः वापरलेल्या व जुन्या साठ्यातील यंत्रांत. दोहोंच्या तपशीलपत्रावर एकच आकडा छापलेला आहे : ६ वॅट.

आकडा एक म्हणून काम एक, असे पुष्कळांस वाटते. ते खरे नव्हे. ६ वॅट हे कामाचे माप नाही. विजेच्या खर्चाचेही नेमके माप नाही. प्रोसेसर सतत राबत असता जी उष्णता बाहेर पडते, ती वाहून नेण्याची सोय यंत्र बनविणाऱ्याने किती करावी, याचा तो निर्देश होय. थोडा वेळ प्रोसेसर याहून अधिक वीज ओढू शकतो. शिवाय ही मर्यादा यंत्र बनविणारी कंपनी स्वतः वर चढवू शकते, म्हणून एन१०० असलेली दोन यंत्रेदेखील एकसारखी चालतीलच असे नाही.

आता वेगाचा आकडा पाहू. एन४०२० चा कमाल वेग २.८ गिगाहर्ट्झ, म्हणजे सेकंदास २८० कोटी ठोके. एन१०० चा ३.४, म्हणजे ३४० कोटी. ३४० स २८० ने भागले असता सुमारे १.२१ येतात. अर्थात दुसरा पहिल्याहून पाचव्या हिश्शाने काय तो सरस, असा निष्कर्ष निघेल. परंतु एकेका गाभ्याकडून एकच काम करवून घेतले, तर प्रत्यक्ष चाचण्यांत दुसरा दुपटीच्या आसपास भरतो. हा फरक कोठून आला? विहिरीवरील दोन रहाट सारख्याच फेऱ्या घेत असले, तरी ज्याची गाडगी मोठी त्याचे पाणी अधिक. प्रोसेसरचेही तसेच आहे. जुना प्रोसेसर एका ठोक्यात तीनच आज्ञा उलगडून घेऊ शकतो, नवा सहापर्यंत. ठोके मोजणे सोपे असते, म्हणून विक्रेता ठोके सांगतो. गाडग्याचा आकार दरपत्रकात येत नाही.

त्यातच जुन्यात दोन गाभे आहेत, नव्यात चार. सर्व गाभे एकदम कामाला लावता येतील असे काम असेल, तर नवा तिपटीहून पुढे जातो. मात्र सर्वच कामे अशी वाटून देता येत नाहीत. चार शिक्षक चाळीस वह्या वाटून घेऊन लवकर तपासतील. पण एकच पत्र चौघांनी मिळून लिहावयाचे म्हटले, तर ते चौपट लवकर होत नाही. विद्यार्थ्यांची माहिती संकेतस्थळावर भरताना (आणि हे काम शिक्षकांच्या किती मागे लागले आहे, हे येथे सांगावयास नको) न्याहाळकात चार-पाच पाने उघडी असतात आणि मागे विषाणुरोधक कार्यक्रमही चालू असतो. अशा वेळी दोन गाभे अपुरे पडतात व पडदा जागच्या जागी थिजतो.

वेगवान यंत्र वीज अधिक खाते, ही समजूतही तपासून घेतली पाहिजे. विजेचा खर्च म्हणजे वॅट गुणिले वेळ. उदाहरणादाखल असे धरू की, एक काम जुन्याने ६ वॅटवर ६० सेकंदांत केले. खर्च ३६० ज्यूल झाला. तेच काम नव्याने ६ वॅटवर २५ सेकंदांत उरकले आणि उरलेली ३५ सेकंदे तो १ वॅटवर स्वस्थ बसला. खर्च १५० अधिक ३५, म्हणजे १८५ ज्यूल. हे आकडे केवळ हिशेबासाठी घेतले आहेत. तत्त्व मात्र खरे आहे. तथापि लॅपटॉपच्या विजेचा मोठा वाटा पडद्याकडे जातो. यंत्र सरासरी ८ वॅट घेत असेल, तर ४० वॅट-तासांची बॅटरी पाच तास चालेल. त्यांत पडद्याचा उजेड कमी केल्याने जो लाभ होईल, तो पुष्कळदा प्रोसेसर बदलूनही होणार नाही.

जुने यंत्र शाळेत असेल, तर ते लगेच टाकून देण्याचे कारण नाही. पाठाची चित्रफीत दाखविणे हे काम प्रोसेसरमधील एक स्वतंत्र मंडल करते आणि ते दोघांतही आहे. नेहमीच्या प्रकारच्या चित्रफिती एन४०२० वर नीट चालतात. एव्ही-१ या नव्या पद्धतीने साठविलेल्या चित्रफिती मात्र त्या मंडलास उलगडता येत नाहीत. तो भार गाभ्यांवर पडतो व चित्र अडखळते. एन१०० मध्ये ही सोय आहे.

आणखी एका गोष्टीकडे दुर्लक्ष होते. एन४०२० ला इंटेलच्या तपशिलाप्रमाणे ८ जीबीपर्यंत स्मृती जोडता येते, एन१०० ला १६ जीबीपर्यंत. पण स्वस्त यंत्रांत पुष्कळदा ४ जीबीच असते आणि तीही डाख देऊन पक्की केलेली, म्हणजे पुढे वाढविता न येणारी. विंडोज ११ ची किमान अट ४ जीबीच असली, तरी तेवढ्यावर यंत्र कण्हत चालते. साठवणीसाठी ईएमएमसी आहे की एसएसडी, हेही विचारावे. पहिली बहुधा पुष्कळ मंद असते. ४ जीबीच्या एन१०० पेक्षा ८ जीबीचे यंत्र घेणे शहाणपणाचे, मग त्याकरिता पडदा थोडा लहान पत्करावा लागला तरी चालेल.

२०२३ पासून इंटेलने लॅपटॉपांच्या या स्वस्त वर्गातून सेलेरॉन व पेंटियम ही नावे काढून टाकली आणि नुसते ‘इंटेल प्रोसेसर’ असे लिहिण्यास आरंभ केला. त्यामुळे दरपत्रकात एवढेच लिहिलेले असेल, तर पुढील क्रमांक लेखी मागावा.

शक्य असल्यास खरेदीपूर्वी दोन्ही यंत्रे शेजारी ठेवून पाहावीत. एकच फाइल, एकच इंटरनेट जोडणी, दोन्ही बॅटरीवर. शाळेतील निकालपत्रकाची मोठी फाइल उघडण्यास लागलेला वेळ घड्याळाने तीनदा मोजावा व मधला आकडा धरावा. मग दोन्ही यंत्रे वीस मिनिटे सतत कामात ठेवून तीच मोजणी पुन्हा करावी. पंखा नसलेली पातळ यंत्रे तापली की आपला वेग आपणच उतरवितात. दुकानातील वातानुकूलित खोलीत हे ध्यानात येत नाही. चैत्रात पत्र्याच्या छपराखालील वर्गात येते.